दुसरा परीक्षक

देशभरातल्या डॉक्टरांच्या संघटनेचं जर्नल चालवणं म्हणजे काय, हे ज्याने चालवलं नाही त्याला कळायचं नाही. संपादकसाहेब स्वतः नोकरीतून निवृत्त झाल्यापासून हे जर्नल चालवत होते आणि जेवताना, फिरताना, कुणी ऐको न ऐको, त्याच्याबद्दलच बोलत होते. "आमच्याकडे प्रत्येक लेख दोन तज्ज्ञ तपासतात, मगच छापतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते सुरू झालं की त्यांची बायको मुद्दाम भांडी जोरात आपटायची.

सून मात्र मन लावून ऐकायची. ती लहान मुलांची डॉक्टर, एका छोट्या रुग्णालयात नोकरी करणारी. नवरा जहाजावर, वर्षातले कितीतरी महिने घराबाहेर. त्यामुळे सासऱ्यांशीच तिची गट्टी जमली होती. जर्नलचा नवा अंक आला की ती तो आधी पिशवीत टाकायची आणि मग डबा. आपल्या कामाला घरातच असा वाचक मिळाला, याचा साहेबांना केवढा तोरा होता!

आता आतली गोष्ट. नियम दोन तज्ज्ञांचा होता खरा, पण तज्ज्ञ मिळतात कुठे? लेख पाठवावा तर उत्तर नाही, फोन करावा तर "अहो, बघतोच आहे." पहिला परीक्षक कसाबसा हाती लागायचा, दुसऱ्यापाशी घोडं अडायचं. असाच एकदा अंक रखडला तेव्हा साहेबांनी दुसऱ्या परीक्षकाचा अभिप्राय स्वतःच लिहून टाकला. त्या वेळी लेख वाचून लिहिला, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पुढच्या खेपेला अर्धाच वाचला. मग नुसती सुरुवात आणि शेवट. मग तेही नाही. "विषय महत्त्वाचा. मांडणी नेटकी. प्रकाशनास योग्य." हा दुसरा परीक्षक मोठा गुणी निघाला. कधी उशीर नाही, कधी कुणाला नकार नाही. लेखक खूश, संघटना खूश. मनात कुठेतरी टोचायचं, नाही असं नाही, पण अंक वेळेवर निघाला की टोचणी विसरायला माणसाला कितीसा वेळ लागतो?

अशातच संघटनेच्या अध्यक्षांचा लेख आला. विषय होता नवजात बाळांचा जंतुसंसर्ग. अधिवेशन तोंडावर आलेलं आणि अध्यक्षांना आपला लेख अधिवेशनात सगळ्यांच्या हातात हवा होता. पहिला परीक्षक अध्यक्षांचाच जुना विद्यार्थी, तो काय गुरूच्या लेखाला नावं ठेवणार? दुसऱ्याने आपली तीन वाक्यं लिहून दिली.

लेखात एका जालीम, प्रमाण चुकलं तर कान निकामी करणाऱ्या औषधाचा डोस होता. मजकुरात म्हटलं होतं, दिवसातून एकदा. शेजारच्याच तक्त्यात छापलं होतं, दर आठ तासांनी. लेख एकदा सरळ वाचणाऱ्या कुणालाही ते दिसलं असतं.

सुनेच्या रुग्णालयात एक बाळ आलं, तापाने फणफणलेलं, निपचित. नेहमीची औषधं लागू पडेनात. वरिष्ठ रजेवर होते. तिने सासऱ्यांचा अंक काढला, तक्ता पाहिला आणि औषध सुरू केलं. बाळ वाचलं. बाळाच्या आईने तिचे हात हातात घेतले ते सोडेचना. पुढे कानांची तपासणी झाली, आणि बाळाला ऐकू येत नाही हे समजलं. ते आता कधीच येणार नव्हतं.

हे सगळं सुनेने घरी सांगितलं तेव्हा ती रडली नाही. रडून झालं असावं. "बाबा, उद्या चौकशी समितीपुढे जायचंय. तुम्ही याल?" ती म्हणाली. "एवढंच सांगा की लेख रीतसर तपासून छापला होता. म्हणजे मी मनाला येईल तसं केलं नाही, हे त्यांना पटेल. नाहीतर माझी नोकरी राहत नाही."

"येतो की," साहेब म्हणाले. मग खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं आणि अंक उघडला. स्वतः छापलेला लेख ते पहिल्यांदाच वाचत होते. मजकूर वाचला, तक्ता पाहिला. पुन्हा मजकूर वाचला. आपण मेल्याहून मेल्यासारखे झालो आहोत असं त्यांना वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, हे कुणाला कळणार नाही ना, हाही विचार लगोलग मनात आला. आपल्याला अशा वेळी हा विचार सुचावा, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

समिती रुग्णालयाच्या बैठकीच्या खोलीत बसली होती. लांब टेबल, मागे बंद न होणारी खिडकी. समितीच्या प्रमुख म्हणजे एक वयस्क सर्जनबाई, बोलायला तुटक पण खवचट नव्हे. सून एका टोकाला बसली होती. साहेबांना तिच्यासमोरची खुर्ची मिळाली.

"तुमच्याकडे लेख तपासण्याची पद्धत काय?" बाईंनी विचारलं.

"प्रत्येक लेख दोन तज्ज्ञांकडे जातो." वाक्य सवयीने तोंडातून निघालं.

"हाही गेला होता?"

"दोघांचेही अभिप्राय आले होते." हे खोटं नव्हतं. आले होतेच.

"कोण होते हे दोघं?"

साहेबांच्या हाताशी एक जुना, अब्रूदार नियम होता. "परीक्षकांची नावं आम्ही सांगत नाही. सगळीकडे हीच पद्धत आहे."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी मान डोलावली तेव्हा साहेबांच्या जिवात जीव आला. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. "म्हणजे लेख तपासला गेला होता. मजकुरातला डोस बरोबरच आहे. परीक्षकांनी तो पाहिला असेल, तक्ता नंतर छपाईत चुकला असेल. असं होऊ शकतं?"

"होऊ शकतं," साहेब म्हणाले.

"मग इलाज करणाऱ्या डॉक्टरने मजकूर वाचायला हवा होता."

साहेबांनी टेबलाकडे पाहिलं. आपण एका शब्दाने सगळं सुनेच्या गळ्यात घातलं, हे त्यांना कळलं होतं. तोंड उघडायची वेळ हीच होती. पण त्यांची दातखीळ बसली होती.

"हो," सून हळूच म्हणाली. "वाचायला हवा होता. धावपळीत मी तक्ताच पाहिला."

निकाल लागेपर्यंत तिने रुग्ण तपासायचे नाहीत असं ठरलं. दोघं बाहेर आले. व्हरांड्यात बाक होता, त्यावर तिने त्यांना बसवलं आणि कुठूनतरी पाण्याचा पेला आणला.

"तुमचा चेहरा उतरलाय, बाबा. माझ्यामुळे तुम्हाला उगाच इथे यावं लागलं."

साहेबांनी पेला तसाच बाकावर ठेवला.

"एक सांगू?" ती शेजारी बसत म्हणाली. "त्या दोघा परीक्षकांना बाळाचं काही कळवू नका. कुणी म्हातारे असतील, जिवाला लावून घेतील. पैसाबिसा काही न घेता बिचारे तुमच्यासाठी वाचतात, आणि वरून हे."

एवढं ऐकून मूग गिळून बसणं साहेबांना जमलं नाही. "दुसरा परीक्षक मीच आहे," ते म्हणाले. "पुष्कळ दिवसांपासून. माणसं मिळत नाहीत, म्हणून मीच लिहितो."

ती चिडेल, उठून जाईल असं त्यांना वाटलं होतं. ती विचारात पडली. मग तिच्या चेहऱ्यावर, दोन दिवसांत पहिल्यांदाच, उजेड आला.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" तिने त्यांचा दंड धरला. "नियमात बसत नसेल, पण वाचणारे तुम्ही होतात ना! म्हणजे तुमच्याकडे आला तेव्हा तक्ता बरोबरच असणार. तुमच्या नजरेतून सुटणं शक्य नाही. चला, आत्ता आत जाऊन सांगू, की तक्ता छापखान्यातच बिघडला. तुम्ही स्वतः वाचला होता म्हणून सांगा, बाबा. तुमच्या शब्दावर ते विश्वास ठेवतील."

ती उभीही राहिली होती. तिच्याकडे मान वर करून पाहणं साहेबांच्या अगदी जिवावर आलं.

"वाचला नव्हता गं मी," ते म्हणाले.

"तक्ता?"

"काहीच नाही. लेख उघडलासुद्धा नव्हता."

दंडावरचा तिचा हात कधी सुटला ते त्यांना समजलं नाही. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. आतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येऊ लागले. समितीची माणसं निघायच्या बेतात होती.

साहेब उठले. ती काहीतरी बोलेल म्हणून क्षणभर थांबले. मग त्यांनी दार ढकललं. सर्जनबाई कागद आवरत होत्या. "काही राहिलं का? बसा ना," त्या म्हणाल्या.

साहेब बसले नाहीत. "मघाशी मी नावं सांगत नाही म्हणालो," ते म्हणाले, "त्यातलं एक सांगायचंय." आणि दार मागे उघडंच राहिलं होतं, ते त्यांनी लावलं नाही.