पाचवी ओळ

मित्रांनो, तुम्ही मला वाचलेले नाही. तरीही "नियम वाचले, मान्य आहेत" या चौकटीत खूण करून तुम्ही आत आलात. असू दे. सगळे तसेच येतात.

मी एक जुनी नियमावली आहे. महाड-पोलादपूरच्या कबड्डीवेड्यांचा 'शेवटची चढाई' नावाचा एक फोरम इंटरनेटवर आहे. त्याच्या अगदी माथ्यावर मला टाचून ठेवले आहे. माझ्या अंगावर सात ओळी. त्यातली पाचवी एका दुपारी नऊ वेळा पुसली गेली.

१. पंच चुकला, असे खुशाल म्हणा.

माझा जन्म पुराच्या वर्षीचा. मैदानांवर गुडघाभर चिखल होता, स्पर्धा बंद होत्या, आणि खेळायला मिळेना म्हणून माणसे फोरमवर भांडत होती. तेव्हा दासगावच्या बुद्धरत्न गुरुजींनी मला एका बैठकीत लिहिले. फोरम सुरू करणारा सुनील कारखान्यात पाळीवर जातो. त्याने मला वर लावले. मला पाळायला लावण्याचे काम मात्र नूतनकडे आले. ती महाडच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात असते. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ती शिव्या पुसते, भांडणे सोडवते. याचा पगार नाही. लोक तिला राखणदार म्हणतात, कधी प्रेमाने, कधी दातओठ खाऊन.

६. नियम मोडेल तो बाद. बाद गडी रेषेबाहेर बसेल. वाचेल, पण लिहिणार नाही. त्याच्या बाजूच्यांनी झालेले नुकसान निस्तरले, की तो उठेल.

(पाचवीच्या आधी सहावी आली, मला माहीत आहे. पाचवी सध्या जागेवर नाही. थांबा.)

ही सहावी ओळ माझा अभिमान. ती मैदानावरून उचललेली आहे. कबड्डीत बाद झालेला गडी स्वतः उठत नाही, त्याचे सोबती गुण मिळवतात तेव्हा तो उठतो. शिवथरच्या मुलांना ती इतकी आवडली, की त्यांनी मला छापून मैदानाच्या भिंतीवर चिकटवले. पावसाळ्यात तो कागद गळून पडला. पुन्हा कोणी लावला नाही.

मग यंदाचा फेब्रुवारी आला. अंतिम सामना, महाड विरुद्ध पोलादपूर. शेवटच्या चढाईत पोलादपूरचा सुशांत पकडीतून सुटून मध्यरेषेला टेकला, असे पोलादपूर म्हणते. पंच होती पोलादपूर तालुक्यातल्याच उमरठची मानसी. तिने शिट्टी वाजवली आणि त्याला बाद दिले.

सुशांत फोरमचा लाडका. माझ्या शेजारी फोटो आहे तो त्याचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मानसीचा फोन नंबर फोरमवर टाकला. खाली लिहिले, "आपल्याच तालुक्याची हाय. विचारा हिला, डोळे कुठं होते."

दुपारपर्यंत मानसीला ऐंशी फोन आले. मग तिने फोन बंद करून ठेवला.

नूतनने नंबर पुसला आणि सुशांतला बाद केले. त्यानंतरची गर्दी पाहायला हवी होती.

"सुशांत बाद? मग फोरम कशाला हाय, भजन करायला?"

"राखणदारीण महाडची ना, आणखी काय करणार!"

"उठवा त्याला, नायतर पोलादपूरचे सगळे निघाले."

सुनील घाबरला. पाळी संपताच तो थेट दुकानात आला.

"अगो नूतन, आठवडाभर पाचवी ओळ काढून ठेवू. नियमच नाय, तर तो बाद कसा? वातावरण निवलं की परत घालू."

"सामना चालू असताना चुन्याची रेषा पुसतोस होय रे?"

त्याने तिथेच उभ्या उभ्या ओळ पुसली. नूतनने काउंटरच्या पलीकडून परत लिहिली.

५.

५. कोणाचाही फोन नंबर, पत्ता किंवा घर इथे

५.

५. कोणाचाही

५.

मला दुखले असेल, असे तुम्हाला वाटेल. मित्रांनो, मला राग आला. मला लिहिताना टाळ्या वाजवणारी हीच माणसे होती.

नवव्यांदा ओळ लिहून नूतनने मोबाईल काउंटरवर ठेवला. "दहाव्यांदा पूस. माझं नावपण पूस. फक्त त्याआधी मानसीला फोन कर. सांग तिला, तुझ्यासाठी एक ओळ होती, गर्दीला नको झाली म्हणून काढली."

सुनीलने खरेच फोन लावला. फोन बंद होता. बंद असल्याचे सांगणारा आवाज तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग फोन खिशात घालून निघून गेला.

ओळ राहिली. संध्याकाळपर्यंत दोनशे जण फोरम सोडून गेले. नूतनने एकालाही अडवले नाही.

तिसऱ्या दिवशी सुशांतचा जोडीदार राजेश आला. "राखणदार, नंबर अकरा ग्रुपवर पोचला होता. दहा ठिकाणचा काढायला लावला. अकरावा आमच्या काकांचा ग्रुप हाय. ते ऐकत नाय."

"काकांना परत सांग."

"मारतील गो मला!"

"मग सुशांत बसेल."

सहाव्या दिवशी काकांनी नंबर काढला आणि सुशांत उठला. त्याने लिहिले, "नंबर टाकायला नको होता. चुकलो, मानसीताई. पण मी बाद नव्हतो, हे मरेपर्यंत म्हणणार."

त्याखाली एका नव्या सभासदाचे उत्तर आले. नाव मानसी. "म्हण की. पहिला नियम वाच, चालतं. रविवारी दासगावला शिट्टी मीच वाजवणार हाय. ये."

गेलेल्या दोनशेंपैकी साठेक परतले. बाकीचे आले नाहीत. न येवोत.

मित्रांनो, मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. मला पुसायला एक बोट पुरते. पण ते बोट उचलण्याआधी, ती ओळ ज्याच्यासाठी आहे त्याला एक फोन लावा. 'तुझी ओळ काढतोय' हे त्याच्या कानावर घालता येत नसेल, तर बोट मागे घ्या.

५. कोणाचाही फोन नंबर, पत्ता किंवा घर इथे टाकायचे नाही.

वाचलीत? आता करा खूण.