पायाले खबर नव्हती

मिरची आपल्या मुलखातली नाही हे मी सांगितलं, तवा सुखराम मानालेच तयार नव्हता. सुखराम म्हणजे आमच्या करडीच्या बसथांब्यावरचा चायवाला. त्याच्या टपरीवर सकाळी चार लोक बसतात, अन् मी कुठून कुठून आयकलेल्या गोष्टी सांगतो. शाळा माही चौथीपर्यंत. पण रेडिओ अन् मोबाईल मिळून माणूस बहुत शिकते.

म्हटलं, चार-पाचशे वर्षांमागं आपल्या इथं मिरचीचं झाडच नव्हतं गा. जहाजातून आली. आलू बी तिकडचा, टमाटर बी तिकडचाच. सुखराम म्हणे, मंग आपले बुढे भाजीत काय टाकत होते, माती? म्हटलं, मिरे टाकत. अन् तिखट ही चवच नाही. ते जिभेचं दुखणं हाय. आपण लोक हौसेनं दुखणं मागून खातो. त्यावर सगळे हासले.

दुखणं माणसाच्या केवढं कामाचं असते, हे मले तवा ठाऊक नव्हतं. माह्या पायातलं दुखणं तवा निघून चाललं होतं अन् मी टपरीवर बसून मिरचीचं सांगत होतो.

पहिल्यांदा धुरपताच्या ध्यानात आलं. धुरपता माही घरवाली. दसऱ्यानंतर धान उभाच असते, वावरात, म्हणजे बांदीत, ओल असते, तवाच आमच्याकडे त्या उभ्या धानात लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या दाळीचं, बी फेकतात. धान कापला का खालून लाखोरी वर येते, नांगराचं कामच नाही. तशी लाखोरी फेकून मी घरी आलो, अन् धुरपता म्हणे, एक चप्पल कुठं हाय जी? मी खाली पाहिलं, तवा मले समजलं का एक पाय उघडा हाय. चप्पल धुऱ्यावरच्या चिखलात सापडली. ती हासली. म्हणे, गोष्टी सांगता सांगता एक दिवस पाय बी ठेवून याल कुठंतरी.

मंग चार-सहा रोजानं मी पडवीत लेटलो होतो, तिले आलूची गोष्ट सांगत होतो. तिनं माह्या तळव्यातून बाभळीचा काटा काढला. चांगला बोटाच्या पेराएवढा. मी आलूचंच सांगत राहिलो. काटा तिनं माह्या डोळ्यासमोर धरला, तवा मी थांबलो. त्या दिवशी ती हासली नाही.

आता ह्याच्यात गडबड अशी झाली, का लाखोरीची गोष्ट बी मीच घरात सांगितली होती. लाखोरीच्या दाळीवर सरकारनं कितीक वर्षं बंदी घातली होती. विकाची नाही, असा कायदा. कारण का, जुन्या काळी वरच्या मुलखात दुष्काळ पडे अन् मजुराले मजुरीत लाखोरीच भेटे. महिनोन् महिने सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मंग चांगल्या जवान माणसाचे पाय जात. काठ्या घेऊन चालत. आमच्याकडे बंदी असून बी हर बांदीत लाखोरी होती अन् हर लग्नात तिचे वडे होते, कोणाचा पाय गेला नाही, हे बी मी सांगितलं होतं. पण ते तिच्या ध्यानात राहिलं नाही. पाय गेले एवढंच राहिलं.

तिनं घरातली लाखोरीची दाळ सगळी काढली अन् शेजारीण चंद्रकांताले देऊन टाकली. तिच्या मोठ्या घरात खाणारे बहुत, वाटल्या गेली तर काही होत नाही, असा धुरपताचा हिशोब. अन् गेलेला पाय परत आणाले ताकद पाहिजे, म्हणून चिन्नोरचा भात सुरू केला. सणाले शिजवाचा तांदूळ तो, शिजला का वास गल्लीभर जाते. दोन्ही वेळ तोच. सकाळी खीर. झोपताना दुधात गूळ. चंद्रकांता म्हणे, भावजीच्या चेहऱ्यावर तेज आलं. मी खाल्लं. मले गोड आवडते. तहान तेवढी बहुत लागे, रात्री तीनदा-चारदा उठा लागे, तर ते म्हटलं दुधाचं असंल.

पोरीले, डिंपलले, काहीच सांगितलं नाही. ती भंडाऱ्याजवळच्या शहापूरले दिली हाय. फोन करे, बाबूजी कसे हा, मी म्हणो, मजेत. पाय दुखत असता तर सांगितलं असतं. जे दुखतच नाही त्याचं काय सांगाचं?

पूस महिन्यात थंडी वाढली. टपरीसमोर शेकोटी पेटली होती, आम्ही तुरीच्या शेंगा भाजून राहिलो होतो. मी स्टुलावर, पाय समोर पसरून. गोष्ट काय सांगत होतो ते आता आठवत नाही. जळल्याचा वास आला. मी म्हटलं, शेंगा जळाल्या गा, उलटव. सुखरामनं शेंगाकडे पाहिलं, मंग खाली पाहिलं. तो ओरडला नाही.

"गोमाजी," म्हणे, "पाय."

माहा आंगठा इंगळावर होता. मी पाहिला. दुसऱ्या कोणाचा असावा तसा तो मले दिसला. मंग हातानं पाय उचलून मी बाजूले ठेवला, जसं लाकूड ठेवते.

डिंपल अन् जवाई निकेश दुपारीच मोटरसायकलीनं आले. निकेशनं मले मधात बसवलं, मांगून डिंपलनं धरलं, धुरपता बसनं आली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, पोरीएवढी. तिनं पाय धुतला. मंग नायलॉनच्या दोऱ्यासारखी एक तार काढली. म्हणे, बाबा, डोळे मिटा, मी तळव्याले लावते, लागलं का हो म्हणा. मी डोळे मिटले अन् ती कवा सुरू करते याची वाट पाहत बसलो. बराच वेळ झाला. डोळे उघडून म्हटलं, लावा ना बाई. ती म्हणे, दोन्ही पायाचं झालं बाबा.

मंग रक्त तपासलं. साखर एवढी होती का त्यांनी दुसऱ्यांदा तपासलं.

धुरपताले वाटलं, आपण बी काही सांगितलं पाहिजे. ती म्हणे, "बाई, लाखोरी मी कवाचीच बंद केली."

डॉक्टरीणबाई म्हणे, "लाखोरीनं पाय अकडते मावशी, बधिर नाही होत. अन् ते बी महिनोन् महिने नुसतं तेच खाल्लं तर. तिच्या जागी काय देता?"

धुरपतानं सांगितलं. चिन्नोरचा भात दोन वेळ. खीर. दुधात गूळ. कुठं कमी पडू दिलं नाही, अशा आवाजात सांगितलं. डॉक्टरीणबाई लिहीत होती, तिचा पेन थांबला. अन् त्या थांबलेल्या पेनातूनच धुरपताले समजलं. ती पदराचा काठ धरून भिंतीकडे पाहत राहिली.

डॉक्टरीणबाईनं मले सांगितलं, का हे साखरेचं बहुत दिवसापासून सुरू असंल, काही एका खिरीनं झालं नाही. मी ते धुरपताले सांगितलं. तिनं मान हालवली. मानलं नाही.

आंगठा काळा पडला. ते सडणं वर चढलं तर पाऊल जाईन, पाऊल गेलं का बांदीत उतरणं संपलं. म्हणून आंगठा काढला. मी जागाच होतो. मधात कापड लावलं होतं, पलीकडे कैचीचा आवाज येत होता. कापणाऱ्या डॉक्टरनं विचारलं, घाबरले तर नाही ना बाबा. म्हटलं, नाही. अन् खरंच नव्हतो. मी त्याले विचारलं, माणसाच्या अंगात हाडं किती असतात. तो म्हणे दोनशे सहा, अन् त्यातली निम्म्याहून जास्त नुसती हाताच्या पंजात अन् पायाच्या पावलात. एवढ्याशा जागेत. म्हटलं, आंगठ्यात किती? म्हणे, दोन. मी मनातल्या मनात दोन कमी केली. बाकी काही वाटलं नाही.

पाऊल वाचलं. अजूनपर्यंत तरी वाचलं हाय, असं म्हणा. जखम भरली, चालतो मी, जरासा एका अंगावर.

आता घरी रोज संध्याकाळी एक काम असते. धुरपता माहा पाय मांडीवर घेते, बॅटरी लावून तळवा पाहते, बोटाबोटाच्या मधात पाहते. मंग म्हणते, डोळे मिटा. खराट्याची काडी घेते अन् तळव्याले लावते. लागलं का, विचारते.

मले लागत नाही. पण तिच्या हातात काचेच्या बांगड्या हायेत. हात हालला का वाजतात. त्या वाजल्या का मी म्हणतो, लागलं. कवा म्हणतो, टाचेकडे. कवा बरोबर निघते, कवा नाही. ती डिंपलले फोनवर सांगते, बाबूजीले आता थोडं थोडं समजून राहिलं. मी आयकतो. तेवढंच ती त्या दिवशी दोन घास जास्त जेवते.

काल बांगड्या वाजल्या नाहीत. मी डोळे मिटून पडून राहिलो. बाहेर कोणाचं तरी वासरू हंबरत होतं. बहुत वेळ गेला. तिनं विचारलं बी नाही काही. शेवटी मी डोळे उघडले.

बांगड्या तिनं कोपराकडे सारून वरून पदर गुंडाळला होता. काडी कुठंच नव्हती. दोन्ही हातानं तिनं माहं पाऊल धरलं होतं, असं घट्ट का तिची नखं पांढरी पडली होती.

"कवाचं धरलं?" मी विचारलं.

"तुमी डोळे मिटले तवाचं," ती म्हणे.

ती रडत बी नव्हती. सोडत बी नव्हती.

म्हटलं, राहू दे मंग. अन् डोळे उघडेच ठेवले.