वेंडल प्रिंगलची खोल सही

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा एक जुना तुकडा आहे. आकार खेळायच्या पत्त्याएवढा, वय साठीच्या पुढे. माझ्यावर टोपीवाल्या एका माणसाचा फोटो आहे आणि खाली नाव आहे, वेंडल प्रिंगल, बेसबॉलपटू. नाव ऐकलं नसेल तर ओशाळू नका, त्याच्या काळातल्या लोकांनीही ते धड ऐकलं नाही. आता मी जिथे आहे तिथून मला बाहेर पडता येणार नाही, म्हणून ही हकीकत सांगून टाकतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छापखान्यात झाला. च्युइंग गमच्या पाकिटातून आम्ही घरोघर जायचो. लोकांना हवे असायचे उंच फटके मारणारे वीर. प्रिंगल निघाला की तोंडं वाकडी व्हायची. कारण हा गडी वाईट चेंडूला हातच लावायचा नाही. असे चार चेंडू सोडले की फलंदाजाला पहिल्या ठाण्यापर्यंत, म्हणजे बेसपर्यंत, चालत जायला मिळतं. हा आपला रोज चालत जायचा, त्याच्या जिवावर संघ जिंकायचा आणि हार दुसऱ्याच्याच गळ्यात पडायचा. मला याचा फार राग यायचा, अजूनही येतो.

एका ऑस्ट्रेलियन खलाशाला मात्र त्याचं मोल कळलं. त्याने मैदानाबाहेर मला पुढे केलं. प्रिंगलने मला गुडघ्यावर ठेवलं आणि बॉलपेन दाबून सही केली. आजवर कोणी सही मागितलीच नसेल बिचाऱ्याकडे, इतका जोर! अक्षरं माझ्या अंगात रुतली. मी खलाशाबरोबर ऑस्ट्रेलियात, समुद्रकाठच्या वॉलॉंगॉंगला आलो, आणि तो गेल्यावर त्याच्या गॅरेजमध्ये, दमट खोक्यात, वर्षानुवर्षं पडून राहिलो.

गॅरेजमधलं सामान विकायला काढलं, तेव्हा तिथून मला उचललं हृषिकेशने. हा पुण्याचा. इथे युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकायला आला आणि इथल्याच हॉस्पिटलात फिजिओ झाला. विसरलेल्या खेळाडूंची कार्डं जमवायची, हा त्याचा नाद. "मंजिरी, बघ ना, हा माणूस बेसवर किती वेळा पोचलाय! कोणी काउंटच नाही केलं," असं तो बायकोला सांगायचा, तेव्हा मला भरून यायचं.

मग त्याने माझा फोटो इंटरनेटवर टाकला, आणि ते कानावर जाऊन सिडनीजवळच्या पॅरामॅटाहून ग्लेंडाची ईमेल आली. ती प्रिंगलची मुलगी, लग्न करून या देशात आलेली. बुशफायरमध्ये, रानातल्या वणव्यात, तिचं घर जळलं, त्यात वडिलांच्या हातचं होतं नव्हतं ते गेलं. आता तिची दृष्टीही गेली होती. हृषिकेशने तिला फोन करून सांगितलं, की सही इतकी खोल आहे की बोटाला लागते. मग ती म्हणाली, "मला एकदा हात लावू द्याल?"

शनिवारी जायचं ठरलं. आणि तिथेच माझं नशीब फिरलं.

हृषिकेशचे वडील, मुरलीधरराव, सहा महिन्यांसाठी आले होते. मोठा मायाळू माणूस, पण रिकामं बसणं त्यांना सोसेना. पुण्यात त्यांनी घरातला प्रत्येक मोलाचा कागद लॅमिनेट करून ठेवला होता. मुलाची दहावीची मार्कशीट, जन्मदाखले, पत्नीच्या हातची पुरणपोळीची कृतीसुद्धा. जेवताना हृषिकेश एवढंच म्हणाला, "समुद्राच्या हवेने हे कार्ड शनिवारच्या आत खराब नाही झालं म्हणजे मिळवली." मुरलीधरराव नुसते हसले. त्या हसण्याने माझ्या कडा आकसल्या.

गुरुवारी सगळे कामावर गेले. मुरलीधररावांनी मला वहीत घातलं आणि बसने एका प्रिंटिंगच्या दुकानात नेलं. काउंटरवरच्या मुलीने मला उलटंसुलटं करून पाहिलं. "आर यू शुअर? हे परत काढता येत नाही."

"नो वरीज!" मुरलीधरराव म्हणाले. हे शब्द ते नुकतेच शिकले होते.

मशीन तापत होतं. त्याची घरघर मला ऐकू येत होती आणि मला पाय नव्हते. मित्रांनो, माणसाला निदान ओरडता तरी येतं. दोन रुळांनी मला गिळलं, अंग भाजलं, आणि दुसऱ्या बाजूने मी गुळगुळीत, चकचकीत होऊन बाहेर आलो.

संध्याकाळी हृषिकेशने मला हातात घेतलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. वडील कौतुकाची वाट पाहत समोर उभे होते. "छान केलंत, बाबा," तो म्हणाला. स्वयंपाकघरात मंजिरी कुजबुजली, "अरे, त्यांना सांग ना." त्याने मान हलवली. "काय सांगू? आता उपयोग काय?"

शनिवारी हृषिकेशबरोबर मुरलीधररावही हौसेने ट्रेनने पॅरामॅटाला आले. त्यांनीच मला ग्लेंडाच्या हातात ठेवलं. तिने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग मला उलटं करून विचारलं, "ही मागची बाजू आहे का?"

मुरलीधररावांनी मुलाकडे पाहिलं. हृषिकेशने नजर खाली वळवली. म्हाताऱ्याला सगळं कळलं. ते तिच्याशेजारी बसले, तिचं बोट धरलं, आणि पाटीवर गिरवायला शिकवतात तसं, प्लास्टिकवरून, सहीच्या रेघांवर हळूहळू नेलं. "सॉरी," ते म्हणत होते, "व्हेरी सॉरी."

"इथे जोर दिला होता का त्यांनी?" तिने विचारलं.

त्यांना सांगता येईना. मला ठाऊक होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण जपायला हात घालण्याआधी एकदा विचारा, ही कोणासाठी ठेवली आहे? मी अजून तिच्या मांडीवर आहे. ती अंगठ्याने दाबून, दाबून पाहते आहे.