खमीर आणि दुप्पट थेंब

माझ्या हातून अम्मीचं खमीर मेलं, तेही नणंदेच्या, नाहिदच्या मंगनीला आठ दिवस उरलेले असताना.

अम्मी म्हणजे माझी सासू, जमिला. खमीर म्हणजे रोटी फुगवणारं आंबवलेलं पीठ. रोज थोडं काढायचं आणि उरलेल्यात पीठ-पाणी घालायचं, असं एकच खमीर अम्मीनं वीस वर्षं चालवलं. मग ती न्हाणीत घसरली, हात प्लास्टरमध्ये गेला आणि गाडगं माझ्याकडे आलं. नाहिदच्या होणाऱ्या सासूनं पुसदहून निरोप धाडला होता, "बाकी काही करू नका, घरची खमिरी रोटी तेवढी पाहिजे."

घाटंजीत मला कोणी सुगरण समजत नाही. मी आशा सेविका आहे. घरोघरी गोळ्या वाटते, पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकायला लावते. अम्मी मला 'दवाखानेवाली बहू' म्हणते. कौतुकानंच म्हणते, पण मला ते टोचतं.

नवं खमीर लावलं. मैदा, दही, बडीशेपेचं पाणी, दोन बताशे. दुसऱ्या दिवशी वर पाणी आणि खाली नुसता चिखल. मैदा बदलला, दही बदललं, गाडगं उबेला चुलीजवळ नेलं. तरी एक बुडबुडा येईना. झाकण कोण उघडतं म्हणून नवऱ्यावर, सैफवर खेकसले. तो बिचारा स्वयंपाकघरात पाऊलही टाकत नाही.

"नजर लगी," म्हणत अम्मीनं धडक्या हातानं गाडग्यावरून मिरच्या ओवाळल्या. एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी मीच त्या मिरच्या चुलीत टाकल्या.

मंगळवारी कामासाठी बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेले. तिथल्या सुखीबाईच्या कोनाड्यात मी दिलेली थेंबांची बाटली जवळजवळ भरलेली. माझा राग तिच्यावर निघाला.

"मावशी, दर खेपेला सांगतो. थेंब काहून टाकत नाही?"

"टाकलते एकडाव," सुखीबाई शांतपणे म्हणाली. "माही आंबीलच आंबली नाही. ज्वारीचं पीठ दोन दिवस जसंच्या तसं. तुह्या दव्यानं पाण्यातले किडे मरते, मंग आंबिलीतले कायले जगतीन?"

मला आमची घागर आठवली. आशाच्याच घरी कोणाचं पोट बिघडलं तर गावात तोंड कुठे दाखवायचं, म्हणून आमच्या घागरीत मी रोज सांगितल्याच्या दुप्पट थेंब टाकायची. अम्मी खमिराला थेट बोअरचं पाणी घ्यायची, मी मात्र त्याच घागरीचं ओतायची. मैदा, दही, नवरा, सगळ्यांना नावं ठेवून झाली होती आणि चोर मीच निघाले. मला हसू आवरेना. सुखीबाईला वाटलं, हिला काहीतरी झालं.

घरी येऊन बोअरचं पाणी उकळलं, थंड केलं आणि एकही थेंब न टाकता त्यातच पुन्हा नवं खमीर लावलं. बुधवारी कडेला बारीक बुडबुडे दिसले. गुरुवारी दुपारी गाडग्यावरचं फडकं टम्म फुगून वर आलं होतं. अम्मीनं बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले आणि हाक मारली, "सैफ, तंदूर पेटव."

शुक्रवारी मंगनीला पुसदचे पाहुणे जेवायला बसले. "जमिलाआपा, हाताले प्लास्टर अन् रोटी अशी नरम?" नाहिदच्या सासूनं विचारलं.

"माही नाही," अम्मी म्हणाली. "माह्या बहूच्या हातची हाये."

नुसती बहू. दवाखानेवाली नाही. मी तंदूरपाशी ऐकत उभी राहिले आणि इतकी सुखावले की आतली रोटी जळून कोळसा झाली.

शनिवारी चार रोट्या बांधून सुखीबाईकडे गेले. "मावशी, प्याच्या पाण्यात थेंब टाका. आंबिलीले उकळून थंड केलेलं पाणी घ्या."

"हे आधी काहून नाही सांगतलं?"

"मलेच ठाऊक नव्हतं."

सुखीबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठली, बाटलीवरची धूळ लुगड्याला पुसली आणि पिण्याच्या घागरीत थेंब मोजून टाकले. सांगितले होते तेवढेच.