फर्नेस स्ट्रीटचे दिवे

“आधी पाय आत घाल, मग डोकं! मांजर आहेस का तू?” शेजारचा अर्ल टॅकेट खालून ओरडला.

“शिडी नीट धर आणि तोंड बंद ठेव,” खिडकीत अर्धी आत, अर्धी बाहेर अडकलेली लॉर्ना पावलिक म्हणाली. “सदुसष्टाव्या वर्षी घरफोडी करतेय, जरा तरी कौतुक कर मेल्या.”

आणि ती धपकन आत पडली. अर्लने हाक मारायच्या आत खिडकीतून हात बाहेर आला. “जिवंत आहे. दे ती पोरं वर.”

अर्लने काळ्या कागदाच्या गुंडाळ्या एकेक करून वर दिल्या. त्या कागदातून मुलं कापलेली होती. टोकदार टोपीची चेटकीण, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला समुद्री चाचा, शेपटी हातात धरून उभा असलेला डायनासोर. लॉर्नाने ती काचेला आतून चिकटवली, मागे जुनी चादर टांगली आणि चादरीमागे बॅटरीचा कंदील ठेवला. बाहेरून पाहिलं तर सात वर्षं ओस पडलेल्या त्या घरात तीन मुलं खिडकीशी येऊन उभी राहिल्यासारखी दिसत होती.

“नोव्हॉटनींची पोरं!” अर्ल म्हणाला. “ही चेटकीण म्हणजे धाकटी ना? काय गं तिचं नाव...”

“बेथ. आता टेक्सासात दात काढते.”

“कुणाचे?”

“लोकांचे, अर्ल. डेंटिस्ट झालीय ती.”

हे सगळं सुरू झालं ते गावच्या कौन्सिलच्या एका पत्रकामुळे. हॅलम फॉल्स हे ओहायोतलं गाव एवढंसं, पण दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी, हॅलोवीनला, संध्याकाळी सहाला अग्निशामक दलाचा भोंगा वाजायचा आणि मुलं सोंगं घेऊन घरोघर सुटायची. आठला पुन्हा भोंगा, की संपलं. नियम एकच, आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक. ओसरीवरचा दिवा लागला असेल तर पायऱ्या चढा, दार वाजवा, ‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, असं म्हणा आणि पिशवी पुढे करा. दिवा बंद असेल तर पुढचं घर. यंदा मात्र कौन्सिलने ठरवलं होतं की भोंगा नाही. चार ते साडेपाच शाळेच्या पटांगणात गाड्या उभ्या करायच्या, डिक्या उघडायच्या आणि मुलांनी डिकीडिकीतून गोळ्या-चॉकलेटं घ्यायची. खाली ठळक अक्षरात आणखी एक ओळ होती. रेल्वेच्या रुळांपलीकडे, विशेषतः फर्नेस स्ट्रीटवर, मुलांना पाठवू नये. तिथली बरीच घरं रिकामी आहेत.

लॉर्ना फर्नेस स्ट्रीटवर चव्वेचाळीस वर्षं राहत होती. काचेचा कारखाना बंद पडला, लोक उठून गेले, तिचा नवरा स्टॅन गेला, ते सगळं तिने निमूट सोसलं. पण त्या एका ओळीने तिच्या मस्तकात तिडीक गेली. आमच्या रस्त्याचं काय भूत झालंय? उंटावरून शेळ्या हाकणारे हे लोक, यांच्यापैकी एकाने तरी इथे पाऊल टाकलंय का दहा वर्षांत?

आणि हॅलोवीन म्हणजे तिचा हक्काचा दिवस. सव्वीस वर्षं ती औषधांच्या दुकानात मागच्या बाजूला फोटो धुवायची. अख्ख्या गावाची लग्नं, बारशी आणि भांडणाआधीच्या सहली तिच्या हाताखालून गेल्या होत्या. नोव्हेंबर लागला की हॅलोवीनचे रोल यायचे आणि दरवर्षी तिचा जीव हळहळायचा. आईबापांनी रात्रंदिवस खपून शिवलेली, चिकटवलेली सोंगं, आणि फोटोत काय? नुसते कोट! ओहायोची थंडी ती. परीच्या अंगावर कोट, सांगाड्याच्या अंगावर कोट, ड्रॅक्युला गळ्यापर्यंत बटणं लावून उभा. मग एका वर्षी तिने आपल्या गॅरेजमध्ये हीटर लावला, काळा पडदा टांगला, पातळ मलमलीच्या चिंध्या करून कोळ्याची जाळी सोडली, पुठ्ठ्याची थडगी रंगवली आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगितलं, “कोट काढ. एकच मिनिट. मला खरं भूत बघू दे.” एकतीस वर्षं झाली त्याला. गावातल्या कित्येकांच्या घरी बिनकोटाचा असा तो एकच फोटो असायचा.

त्या निगेटिव्ह तिने जपून ठेवल्या होत्या. पत्रक आलं त्या रात्रीच तिने खोकी उपसली. एकेक निगेटिव्ह स्लाइडच्या चौकटीत बसवायची, प्रोजेक्टरने गॅरेजच्या भिंतीवर मोठी पाडायची, काळा कागद लावून कड गिरवायची आणि कात्रीने कापायची. बोटांना फोड आले. पाच रिकामी घरं, चौदा मुलं. ज्या घरातलं मूल त्याच घराच्या खिडकीत. ओसरीवर वीज नव्हती, म्हणून दुधाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या कॅनवर भुतांची तोंडं काढून आत बॅटरीचे दिवे घातले. ती पांढरी भुतं पायऱ्यापायऱ्यांवर ओळीने बसली.

हॅलोवीनच्याच दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला ट्रॉय हेंडर्शॉटचा ट्रक येऊन थांबला. ट्रॉय कौन्सिलवर होता आणि पत्रकावर सही त्याचीच होती. तो उतरला, रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

“मिसेस पावलिक, अहो हे काय आहे? ही घरं काउंटी सरकारची आहेत. पुढच्या महिन्यात पाडायची आहेत. तुम्ही आत शिरलात कशा?”

“खिडकीतून. अर्लला विचार, अजून कंबर धरून बसलाय. शिडी धरून धरून.”

“मी मस्करी करत नाही. कुणी पडलं, कुणाला लागलं, तर मला विचारतील सगळे. काढा हे.”

“नाही काढणार.”

“मग मला काढावं लागेल.”

“काढ की! पण तुझ्या हातांनी काढ. माणसं पाठवू नकोस.” तिने सतरा नंबरच्या खिडकीकडे बोट केलं. “तुमच्याच जुन्या घरापासून सुरुवात कर.”

सतरा नंबरच्या खिडकीत एक चौकोनी आकृती होती. वर डोकं, खाली दोन काड्यांसारखे पाय, आणि मध्ये भलं मोठं खोकं. खोक्याला एक दांडी.

“फ्रीज,” ट्रॉय हळूच म्हणाला.

“फ्रीज! तुझ्या आईने पुठ्ठ्याला आतून अंड्यांचा ट्रेसुद्धा चिकटवला होता. माझं पहिलंच वर्ष होतं ते. दार उघडायचास, आणि ज्याला त्याला विचारायचास, काय खाणार? आठ वर्षांचा होतास. तेव्हा बरा होता का रे आमचा रस्ता?”

ट्रॉयच्या मानेवर लाली चढली. “मला शाळेत गाड्या लावून घ्यायच्यात,” तो म्हणाला. “साडेपाचनंतर येतो. तोवर हे निघालेलं बरं.” ट्रक निघून गेला.

“आता?” अर्लने विचारलं.

“आता काय? सहाला दिवे लावायचे.”

सहा वाजले. भोंगा वाजला नाही. लॉर्नाने आपल्या ओसरीवरचा दिवा लावला, अर्लने त्याचा, आणि दोघांनी मिळून पाचही घरांचे कंदील लावले. मग गळ्यात कॅमेरा अडकवून, मांडीवर चॉकलेटांचं घमेलं घेऊन ती पायरीवर बसली. सव्वासहा. साडेसहा. रुळांपलीकडे गाव शांत होतं. पटांगणातून सगळे केव्हाच घरी गेले असणार.

“मीच खाऊ का एखादं?” अर्ल म्हणाला.

“हात लावशील तर बघ.” पण तिची नजर रुळांवरून हलत नव्हती. एवढं सगळं करून कुणीच आलं नाही, तर कौन्सिलचं म्हणणं खरं ठरणार होतं. मेलेला रस्ता, आणि दिवे लावून बसलेली एक खुळी म्हातारी.

पावणेसातला रूळ ओलांडून एक टॉर्च आला. टॉर्चमागे वृद्धाश्रमातल्या मदतनिसाच्या निळ्या कपड्यातली एक बाई आणि तिच्या हाताला धरून एक पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलीच्या अंगावर जाडजूड गुलाबी कोट, आणि पाठीवर वटवाघळाचे पंख.

“इथे चालू आहे ना?” बाईने धापा टाकत विचारलं. “माझी ड्यूटी सहाला सुटते हो. शाळेचं कधीच संपलं. टेसा रडून रडून बेजार. कामावर कुणीतरी म्हणालं, फर्नेस स्ट्रीटवर दिवे दिसतायत. बाकीच्या पण येतायत पोरांना घेऊन.”

“चालू म्हणजे काय! एकतीस वर्षं चालू आहे,” लॉर्ना ताडकन उठली. “ये गं वटवाघळा. कोट काढ. एकच मिनिट.”

कोटाखाली काळा स्वेटर होता आणि त्यावर आईने मोडक्या छत्रीच्या काड्या शिवून केलेले खरेखुरे, उघडझाप होणारे पंख. लॉर्नाने ते एकदा उघडून मिटून बघितले. तिने फोटो काढला, मूठभर चॉकलेटं पिशवीत टाकली, आणि टेसा पायऱ्या उतरून पळत सुटली. सतरा नंबरच्या पायऱ्या चढून तिने दार वाजवलं.

लॉर्नाने कपाळावर हात मारला. अगं बाई! हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही? खिडक्या सजवल्या, कंदील लावले, भुतं मांडली; आणि दिवा लागला की दार उघडावं लागतं, ही साधी गोष्ट विसरलो! दिवा लावणं म्हणजे शब्द देणं. पाच घरांवर आपण खोटा शब्द देऊन बसलो.

“ट्रिक ऑर ट्रीट!” टेसा ओरडली. काही नाही. तिने पुन्हा दार वाजवलं. आईला वाटलं आत कुणीतरी म्हातारं असेल, वेळ लागत असेल. “थांब हं राणी,” ती म्हणाली.

लॉर्ना पळत निघाली. फाटकाशी पोचते तोच आत काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला, आणि दार उघडलं.

दारात ट्रॉय होता. मागच्या दाराने शिरला असणार. एका हातात किल्ल्यांचा जुडगा, बगलेत काचेवरून सोडवलेला काळा फ्रीज. तो मुलीकडे पाहत राहिला. मुलीने पिशवी पुढे केली.

ट्रॉयने कोटाचे खिसे चाचपले. मग पँटचे. शेवटी खोकल्याच्या गोळ्यांची अर्धी सुरळी निघाली. त्याने ती अख्खी पिशवीत टाकली.

टेसाने वाकून पिशवीत पाहिलं. जे मिळालं ते तिला फारसं पटलं नव्हतं. “थँक्यू,” ती तरीही म्हणाली, आणि पायऱ्या उतरून एकोणीस नंबरकडे वळली. तिथेही दिवा होता. रुळांवरून आता आणखी टॉर्च येत होते, सहा-सात तरी.

ट्रॉयने लॉर्नाकडे पाहिलं. लॉर्नाने त्याच्याकडे.

“एकोणीसची किल्ली कुठली?” तिने विचारलं.

“हिरवी. पण मिसेस पावलिक, आतली जमीन कुजलीय...”

“माझेही गुडघे कुजलेत. टाक इकडे! आणि माझ्या ओसरीवरून चॉकलेटं घे. दुसऱ्या पोराला खोकल्याच्या गोळ्या दिल्यास तर आईला फोन करीन तुझ्या.”

तिने घमेल्यातली चॉकलेटं कोटाच्या खिशांत भरली. कॅमेरा आड येत होता, म्हणून गळ्यातून काढून फाटकाच्या खांबाला अडकवला. अर्लला हाक मारून ट्रॉयकडून किल्ली घेऊन एकवीस नंबरला जायला पिटाळलं. मग मागच्या अंगणातून, वाळक्या पानांतून, ती सदुसष्ट वर्षांची बाई परकर सावरत धावावं तशी कोट सावरत धावली. हिरव्या किल्लीने मागचं दार उघडलं. आत ओल्या लाकडाचा वास, अंधार, आणि पुढच्या खोलीत कंदिलाच्या उजेडात नोव्हॉटनींच्या तीन पोरांच्या सावल्या. ती चाचपडत पुढच्या दाराशी पोचली.

पलीकडून टकटक झालीच.

कडी गंजली होती. तिने खांदा लावला, एकदा, दोनदा, आणि सात वर्षांत पहिल्यांदा ते दार आतून उघडलं.

“ट्रिक ऑर ट्रीट!” टेसा म्हणाली, आणि मग तिच्या कपाळाला आठी पडली. “तू तर त्या घरातली आहेस.”

“हो.”

“मग हे कुणाचं घर?”

“हेही आमचंच,” लॉर्ना धापा टाकत म्हणाली. “हा सगळा रस्ता आमचा आहे. पिशवी उघड.”