पाण्याची गोळी

नम्रतेत दहापैकी दहा मार्क घ्यायचेच, असा संस्कृतीनं चंगच बांधला होता. आता बोला! पोरगी रिठदच्या शेतकऱ्याची, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. पण राजपाल सरांनी 'सांस्कृतिक नम्रता' शिकवली तेव्हापासून तिला माणूस दिसेना, नुसता फॉर्मवरचा रकाना दिसे.

केनवडजवळच्या तांड्यावर शिबिर होतं. मोतीबाईचं बीपी एकशेऐंशी. गेल्या साली उसाच्या फडात चक्कर येऊन ती कोयत्यावर पडता पडता वाचली होती. परवा पुन्हा ऊसतोडीला निघायचं, आणि बाईनं महिनाभर गोळीला हात लावलेला नाही! संस्कृतीनं तिच्या दंडावरचा काळा दोरा पाहिला आणि फॉर्मवर लिहून टाकलं, 'देवावर श्रद्धा असल्याने औषध टाळते. श्रद्धेचा आदर केला.'

"वा! दहापैकी दहा," सर म्हणाले. सर खुर्चीत, मोतीबाई उभी. असा नम्रतेचा वर्ग चालला होता.

"मावशी, तुमच्या देवाचा आम्ही आदर करतो हं," संस्कृती लाडानं म्हणाली.

मोतीबाई भडकलीच. "देवाले कायले मधात आणतं ओ बाई? दोरा त हात मुरगाळला म्हणून बांधला!"

"मंग गोळी काहून घेत नाही?" संस्कृतीच्या तोंडून घरची बोली निसटली.

"हे आत्ता इचारून राह्यली! ते पाण्याची गोळी घेतली का घंट्याघंट्याले मुतायले लागते. महिनाभर सोंगणीले जाऊन राह्यलो, वावरात आडोसा नाही. फडात त ऊस तोडून सारं मैदान केलेलं, चहूकडं गडीमाणसं. कुठी बसू? तुह्या फॉर्मावर?"

बायका खो-खो हसल्या. संस्कृतीचे कान तापले. तिची स्वतःची माय सोंगणीच्या दिवसांत दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे, याच कारणानं. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं की! मेलं शिकून काय केलं मग?

तिनं फॉर्मवर आडवी काट मारली.

"अगं, मार्क जातील!"

"जाऊ द्या, सर. लघवी न वाढवणारी गोळी लिहून द्या हिला."

पाण्याची गोळी लिहिलेल्या जुन्या चिठ्ठीवर सही कोणाची होती? सरांचीच. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बीपी मोजलं, गोळी बदलली आणि ती द्यायला स्वतः पेटीकडे उठले.

"किती मार्क भेटले आता?" मोतीबाईनं विचारलं.

"शून्य."

"रडू नको, पोरी." मोतीबाई सरांच्या खुर्चीत ऐसपैस बसली. "उसाहून जित्ती आली का मी देतो तुले मार्क."