साक्षीदार काटा

“म्हणे काटा अडकतो! अडकतो तो माझा गुडघा. हा नाही,” माझी काच बाहीने पुसत विमानं दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका पुटपुटले.

मित्रांनो, मी एका लढाऊ विमानातला जुना भारमापक आहे. सध्या उपकरणांच्या खोलीत टेबलावर पडलोय. अंगावर लाल चिठ्ठी डकवली आहे, ‘अविश्वसनीय’. अठरा वर्षं खरं बोलल्याचं हे बक्षीस.

माझं काम तसं सोपं. विमान वळताना एका कुशीवर कलतं. तेव्हा पंखांना त्याला उचलूनही धरायचं असतं आणि वळणाच्या आत ओढायचंही असतं. वेग तोच ठेवून वळण आखूड केलं, की भार वाढतो. सहापट झाला, तर साठ किलोचा वैमानिक तीनशेसाठ किलोचा होतो. त्याला स्वतःचा हात उचलवत नाही. वेग कमी असताना विमान वळणात फार खेचलं, तर हवा पंखाला सोडते आणि विमान कोसळू लागतं. वेग जास्त असताना फार खेचलं, तर पंखच विमानाला सोडू शकतो. आमची मर्यादा होती सातपट.

मला काटे दोन. एक सतत हलतो. दुसरा साक्षीदार, सर्वांत मोठ्या भारावर जातो आणि तिथेच थांबतो. विमान उतरलं, की मिस्त्रीकाका तो आकडा लिहून घेत आणि मगच बटण दाबून काटा खाली आणत. सातच्या वर गेला असेल, तर पंख तपासल्याशिवाय उड्डाण नाही.

माझा वैमानिक माझ्यावर जीव टाकायचा. “काय म्हातारबा, सांभाळा हं,” म्हणत काचेवर टिचकी मारायचा. मीही भुललो होतो.

परवा सरावात त्याची धाकटी बहीण, तीही वैमानिकच, दुसऱ्या विमानातून त्याच्या मागे लागली. पोरगी काही केल्या सुटेना. हा ईर्ष्येला पेटला आणि याने विमान असं खेचलं, की माझा काटा साडेआठवर गेला. बहीण मागे पडली, हा हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मर्यादा ओलांडल्याबद्दल त्याला आधी दोनदा ताकीद मिळालेली. तिसऱ्यांदा उडणंच बंद होणार होतं. त्याने हवेतच बटण दाबलं, एक बेताचं वळण घेतलं आणि पाचचा आकडा घेऊन खाली उतरला.

मित्रांनो, जुन्या यंत्राला तेल घाला, पुसून ठेवा, ते ठीकच. पण नको तो आकडा दाखवला म्हणून त्याचं तोंड दाबू नका. त्यानंतर जो त्या आसनावर बसतो, तो त्या आकड्याच्या भरवशावर बसतो.

काल त्या आसनावर बहीण बसली. साध्याशा वळणात उजव्या पंखातून काडकन आवाज आला. तिने विमान सरळ आणलं, पण उतरताना ते आदळलं. तिचा हात मोडला.

आज मोठे साहेब चौकशीला आले. वहीत पाचचा आकडा आणि पंखाला तडा, म्हणजे एकतर भारमापक बिघडला असेल, नाहीतर मिस्त्रीने आकडा चुकीचा वाचला असेल. तिसरं कारण कुणी काढेना. मिस्त्रीकाकांनी मला गरगर फिरवून हवा तेवढा भार देणाऱ्या चाकावर बसवलं. एक, तीन, पाच, सात, प्रत्येक आकडा बरोबर आला. म्हणजे मी बिघडलो नव्हतो.

“म्हणजे चूक मिस्त्रींची,” साहेब म्हणाले. “उद्यापासून यांनी विमानाला हात लावायचा नाही.”

काकांनी पाना हळूच खाली ठेवला.

“वय झालंय हो काकांचं,” माझा वैमानिक म्हणाला. “नजर चुकली असेल.”

गळ्यात हात बांधलेली बहीण भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली.

“दादा, मी तुझ्या मागेच होते. त्या वेगात इतकं आखूड वळण पाचात बसत नाही, हे मला तूच शिकवलंस. काल वहीतला पाचचा आकडा पाहून कळत होतं, तरी तू माझा भाऊ म्हणून मी गप्प बसून त्यात चढले. बटण तू दाबलंस.”